प्रश्नपरीक्षेचे राष्ट्रव्यापी रूप : मातृसेवेच्या अनुभवांचे सर्वेक्षण कसे करावे

प्रस्तावना

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नपरीक्षा ही सर्वांत सोपी समजली जाते व म्हणूनच तिची सर्वाधिक उपेक्षा होते. एका रुग्णेस विचारलेला प्रश्न हा चिकित्सेचा पाया असतो. तोच प्रश्न देशभरातील लक्षावधी स्त्रियांना एकाच पद्धतीने विचारला, तर त्यास सर्वेक्षण म्हणतात. प्रस्तुत लेखात मातृसेवेचे राष्ट्रीय सर्वेक्षण कसे चालते, त्यात दोष कोठे शिरतात व त्यापासून आपण व्यवसायात काय घ्यावे, याचा विचार करीत आहोत.

या विषयाकडे आम्ही वळलो त्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्याकडे मासानुमासिक परिचर्या घेणारी एक गर्भिणी दर महिन्यास नियमितपणे येत असे. ‘सर्व ठीक आहे ना?’ असे आम्ही विचारावे, तिने ‘हो’ म्हणावे, असे सात महिने चालले. प्रसूतिसमयी तिचे रक्त फारच कमी असल्याचे आढळले व तिला रक्त चढवावे लागले. पुढे सूतिकावस्थेत निवांत विचारता कळले की, वैद्यांचे औषध चालू असताना रक्तवाढीच्या गोळ्या नकोत, अशा समजुतीने आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या तिने घेतल्याच नव्हत्या. आम्ही तसे कधी सांगितले नव्हते, पण तिला तसे वाटते काय, हेही कधी विचारले नव्हते. दोष उत्तराचा नव्हता, प्रश्नाचा होता.

आपल्या देशातील सर्वेक्षण

भारतात या विषयाची सर्वांत विस्तृत माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून मिळते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबई येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम पाहते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली. पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात दोन टप्प्यांत पार पडली व दुसऱ्या टप्प्यात कोविड साथीमुळे तिच्यात खंड पडला. या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांतील १५ ते ४९ वयोगटातील ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या.

नमुना निवडण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम जनगणनेच्या आधारे गावे व शहरी गणनागट निवडले जातात. निवडलेल्या गावातील घरांची यादी करून त्यांतून ठरावीक क्रमाने २२ घरे घेतली जातात. कोणते घर घ्यावे हे मुलाखत घेणाऱ्याच्या सोयीवर सोडलेले नसते. भर रस्त्यावरील घरे घेतली आणि वस्तीच्या टोकाची घरे टाळली, तर जिला सेवा मिळालीच नाही तीच स्त्री नेमकी वगळली जाते.

आपल्या प्रदेशात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे माहेरचे बाळंतपण. नोंदणी सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या तालुक्यात व लसीकरण पुन्हा तिसरीकडे, अशा स्थितीत एका दवाखान्याची नोंदवही अपुरीच राहणार. उपरोक्त सर्वेक्षणात आदल्या रात्री त्या घरात मुक्कामास असलेल्या पाहुण्या स्त्रीचीही मुलाखत घेतली जाते. त्यामुळे माहेरी आलेली सूतिका सुटत नाही. परंतु ऊसतोडीच्या हंगामात घरास कुलूप लावून गेलेल्या कुटुंबाचा प्रश्न उरतोच. म्हणून कोणत्या महिन्यात विचारावे, हाही नियोजनाचा भाग होय.

आकडे काय सांगतात

चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील ७८.९ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे दिसले होते. पाचव्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते ९४.७ टक्के आढळले. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती देशात १७.२ वरून २१.५ टक्क्यांवर गेल्या. शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. गर्भावस्थेत १०० दिवस वा अधिक काळ लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतलेल्या माता मात्र ४४.१ टक्केच होत्या आणि पाहणीच्या वेळी गर्भवती असलेल्या स्त्रियांपैकी ५२.२ टक्के पांडुग्रस्त आढळल्या. आमची रुग्णा एकटी नव्हती, हे या आकड्यांवरून ध्यानी यावे.

स्त्री रुग्णालयात पोचली, हे अशा आकड्यांतून कळते. तेथे तिच्याशी कसे वागले गेले, तिला काय सांगितले गेले व तिची संमती कशी घेतली गेली, हे कळत नाही. सेवेची उपलब्धी ही एक बाब झाली व सेवेचा अनुभव ही दुसरी.

अनुभव विचारणारी सर्वेक्षणे

अमेरिकेत २००२ साली ‘लिसनिंग टू मदर्स’ या नावाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात मागील दोन वर्षांत प्रसूत झालेल्या १,५८३ मातांना संगणकावरून वा दूरध्वनीवरून विस्तृत प्रश्न विचारण्यात आले. २००६ मध्ये दुसरे सर्वेक्षण झाले. त्यात योनिमार्गे प्रसूतीच्या वेळी छेद घेतलेल्या मातांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मातांनी, या बाबतीत आपणांस निवड करू दिली गेली नाही, असे सांगितले. रुग्णालयाच्या नोंदीत छेद घेतल्याची नोंद असते, विचारले होते की नाही याची नसते. ती फक्त मातेजवळ असते.

इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००७ पासून असे सर्वेक्षण वेळोवेळी होत आले आहे. मुख्यतः फेब्रुवारी महिन्यात प्रसूत झालेल्या स्त्रियांना काही आठवड्यांनी प्रश्नावली धाडली जाते. ती धाडण्यापूर्वी माता व बालक हयात असल्याची खातरजमा केली जाते. ज्या घरी पाळणा रिकामा आहे तेथे ‘आपला अनुभव कसा होता?’ असे पत्र पडू नये, हा त्यामागील विचार. मात्र याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. ज्यांचा अनुभव सर्वांत दुःखद त्यांचा आवाज अशा सर्वेक्षणात येत नाही. मृत माता तर कोणत्याच मुलाखतीत बोलू शकत नाही. भारतात २०१८-२० या काळात दर एक लक्ष जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू नोंदले गेले. त्यांच्यासाठी मातामृत्यू अन्वेषणाची स्वतंत्र यंत्रणाच हवी.

प्रश्न कसा असावा

समाधान विचारू नये, घटना विचारावी. ‘सेवा चांगली मिळाली का?’ या प्रश्नास आपल्याकडील बहुतेक सूतिका ‘हो’ म्हणतील. बाळ सुखरूप आहे, विचारणारे डॉक्टर समोर आहेत, सासू शेजारी बसली आहे, मग वाईट कसे म्हणावे? त्याऐवजी ‘शस्त्रक्रियेचे कारण आधी कोणी समजावून सांगितले? काय सांगितले?’ असे विचारल्यास उत्तर निराळे येते.

भाषा बोलीतील असावी. ‘लोहाच्या गोळ्या’ म्हटल्यास न समजणारी स्त्री ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ म्हणताच ओळखते. ‘दवाखाना’ या एका शब्दात उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय व खासगी प्रसूतिगृह हे सर्व सामावते, म्हणून ‘कोणता?’ हे पुन्हा विचारावे लागते. ‘नॉर्मल’ म्हणजे ‘सिझर नाही’ इतकेच तिला अभिप्रेत असते. टाके पडले असले तरी ती ‘नॉर्मल’च म्हणते.

काळ व स्थळ यांचेही भान असावे. रुग्णालयातून निघतानाच विचारले तर संकोच आड येतो, फार वर्षांनी विचारले तर विस्मरण. विचारणारी स्त्री असावी, तिने त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या ठिकाणी, एकांतात विचारावे व आधी संमती घ्यावी. उत्तर न देण्याचा अधिकार स्पष्ट सांगावा. संशोधन म्हणून माहिती प्रसिद्ध करावयाची असल्यास नैतिकता समितीची पूर्वसंमती अनिवार्य समजावी.

शास्त्राशी अनुबंध

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराच्या वर्णनासोबत, अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील व धीर देणाऱ्या स्त्रिया आसन्नप्रसवेजवळ असाव्यात, असा आदेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये रुग्णालयीन प्रसूतीतील अवमान व छळाविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले आणि २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मातेच्या पसंतीची सोबतीण असावी, अशी शिफारस केली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांत अशा सोबतिणीस अनुमती दिली. आता ‘प्रसूतीच्या वेळी तुमच्याजवळ कोण होते?’ हा एक प्रश्न शास्त्र व शासन दोहोंच्या पालनाची परीक्षा करतो. ग्रंथात आहे म्हणून आपण समाधान मानू नये. आपल्या रुग्णेस ते मिळाले काय, हे पाहावे.

आपण काय करावे

राष्ट्रीय सर्वेक्षण आपल्या आवाक्यातील नव्हे. परंतु प्रत्येक गर्भिणी व सूतिकेच्या केसपेपरवर पुढील प्रश्न छापून घेणे सहज शक्य आहे.

१) इतर कोठून कोणत्या गोळ्या मिळाल्या? त्यांपैकी प्रत्यक्ष किती घेतल्या? न घेतल्यास का?
२) तपासणीत काय आढळले, हे तुम्हांस कोणी समजावले?
३) प्रसूती कोठे, कशी झाली? जवळ कोण होते?
४) टाके वा शस्त्रक्रिया यांबाबत आधी विचारले होते काय?
५) घरी आल्यावर कोणती औषधे, कोणाच्या सल्ल्याने चालू आहेत?

शेवटचा प्रश्न औषधविक्रेत्या बंधूंच्याही उपयोगाचा आहे. बाळंतकाढा, दशमूलारिष्ट, शतावरी कल्प यांची मागणी पुष्कळदा सासू वा पती दुकानात येऊन करतात. सूतिका कितव्या दिवशीची, शस्त्रक्रिया झाली काय, रक्तदाब वा मधुमेहाचे औषध चालू आहे काय, एवढे विचारूनच औषध द्यावे व शंका वाटल्यास वैद्यांकडे पाठवावे. आपल्या रुग्णांवरून काढलेले प्रमाण संपूर्ण तालुक्याचे म्हणून मात्र मांडू नये. आपल्याकडे येणारी स्त्री ही यदृच्छेने निवडलेली नसते.

उपसंहार

आमच्या त्या रुग्णेची दुसरी खेप गतवर्षी झाली. दर महिन्यास गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत आणावे, असे या वेळी आम्ही सांगितले व ती आणीत गेली. सातव्या महिन्यात तिने आपण होऊन विचारले, ‘मागच्या खेपेला हे का विचारलं नाही, डॉक्टर?’ त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या सभासदांवर अशी वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.