रक्तदाब आणि ताटातील भाजीपाला
(इयत्ता सातवी : आरोग्यशिक्षणाचा नमुना पाठ)

हेतुकथन

वाढलेला रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून राहतो. काम अडत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. आणि एखाद्या दिवशी अर्धांगवायूचा झटका येऊन सारे घर हवालदिल होते. हुपरीस ही गोष्ट विशेष विचारार्ह आहे. येथे चांदीचे पैंजण घडविणारा कारागीर तासन्तास एका जागी बसून काम करतो व त्याच्या हाताच्या कौशल्यावर कुटुंबाचा योगक्षेम चालतो. तो हात लुळा पडू नये म्हणून घरात काय करता येईल, हे विद्यार्थ्यांस समजावे, हा या पाठाचा हेतू होय.

विषयविवेचन

वाहते रक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब देते, तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा आकडा वरचा व प्रसरण पावते तेव्हाचा खालचा. प्रौढ माणसात तो पुन:पुन्हा १४०/९० किंवा अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते; त्यामुळे दाब वाढतो. भाज्या, फळे व कडधान्ये यांतील पोटॅशियम हे सोडियम मूत्रावाटे बाहेर टाकण्यास साहाय्य करते आणि रक्तवाहिन्यांचा ताण सैल करते. अमेरिकेत ४५९ प्रौढांवर केलेला एक प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. मीठ व वजन कायम ठेवून केवळ आठ आठवडे आहार बदलला, तेव्हा फळे-भाज्या वाढविल्याने वरचा आकडा सरासरी २.८ ने उतरला. त्याच्या जोडीस कमी स्निग्धांशाचे दूध देऊन तूपलोण्यासारखे स्निग्ध पदार्थ कमी केले, तेव्हा तो ५.५ ने आणि ज्यांचा दाब आधीच वाढलेला होता त्यांच्यात ११.४ ने उतरला.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रौढास दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने ५ ग्रॅमच्या आत ठेवली आहे. भाजी वाढली, पण तिच्यासोबत खर्डा, लोणचे, पापड व खारट रस्साही वाढला, तर लाभ उणावतो, हे ध्यानी घ्यावे.

प्रात्यक्षिक

चांदी ग्रॅमात तोलणाऱ्या गावी मुलांस काटा नवा नाही. शिक्षकांनी वर्गात ५ ग्रॅम मीठ तोलून कागदावर ठेवावे. ते चहाचा एक चमचाही भरत नाही! नंतर मेथी, शेपू, दोडका, गवार, काकडी अशी मिळेल ती भाजी ४०० ग्रॅम तोलून दाखवावी. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीस ५० ग्रॅम व सहावी ते आठवीस ७५ ग्रॅम भाजीचे प्रमाण आहे. उरलेली भाजी घरच्या ताटातूनच यावयास हवी, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

भाजी शिजवून तिचे पाणी टाकून देऊ नये. जेवण एकाएकी अळणी केल्यास घरचे रुसतील; मीठ थोडथोडे कमी करावे व लिंबू, लसूण, कोथिंबीर यांनी चव आणावी. उसाच्या नव्या लागणीत मेथी-कोथिंबिरीचे आंतरपीक व शाळेत परसबाग घेता येते.

दक्षता

आहार हा औषधाचा सोबती आहे, पर्याय नव्हे. चालू गोळ्या स्वत:च्या मनाने बंद करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांस विचारूनच आहार बदलावा. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब तपासून घ्यावा.

स्वाध्याय

१. चार प्रौढांच्या घरी दर माणशी रोज ५ ग्रॅम मीठ लागले, तर एक किलो मीठ किती दिवस पुरेल? (उत्तर : ५० दिवस.)
२. घरातील मिठाचा पुडा कोणत्या तारखेस फोडला व केव्हा संपला, याची नोंद ठेवा. तो किती दिवस पुरला?
३. आठवडाभर घरात कोणती भाजी किती ग्रॅम आली, ते लिहा व दर माणशी प्रमाण काढा.
४. घरातील वडीलधाऱ्यांनी रक्तदाब शेवटी केव्हा तपासला, ते विचारा.