विम्याचा कागद मैदानापर्यंत पोचतो का?

आमच्या गडचिरोली-चंद्रपुरात पोलीस भरतीची तयारी रस्त्यावर होते. खेड्यातल्या पोराला १६०० मीटर सलग धावायचं तर डांबरी रस्ताच सापडतो. ७ ऑगस्ट २०२५ ला सकाळी आरमोरी-गडचिरोली मार्गावर, काटली गावाजवळ, व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकनं चिरडलं. चार मुलं गेली. तेव्हापासून आम्हा प्रशिक्षकांत विम्याची चर्चा वाढली, पण एजंट देतो तो कागद अजूनही कुणी नीट वाचत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

न वाचलेल्या कागदाचा धडा मला एका अपघातानं दिला. मी तेव्हा एका अकादमीत मानधनावर शिकवत होतो. पावसाळ्याचे दिवस, गवत ओलं. गोळाफेक चालू होती. ७.२६० किलोचा गोळा टप्पा पडून थांबायचा सोडून घरंगळत गेला आणि मागं वळायच्या आत एका मुलाच्या पायावर आला. बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं भिजला होता आणि पाऊल एका बाजूला कललं होतं. चंद्रपूरला नेलं. वडील धानाच्या बांधीतून तसेच चिखलाच्या पायांनी आले. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "सर, आता कसं करावं जी?" रोवणीसाठी ठेवलेले पैसे त्या आठवड्यात दवाखान्यात गेले.

अकादमीकडे पॉलिसी होती. भिंतीवर चौकटीत लावलेली. दावा केला, नामंजूर झाला. विमाधारक म्हणून मालकाचं नाव, ठिकाण म्हणून अकादमीच्या शेडचा पत्ता. अपघात ग्रामपंचायतीच्या मैदानावर झालेला, आणि शिकवणारा मी, माझं नाव कागदावर कुठंच नाही. कंपनीनं शब्दावर बोट ठेवलं, आणि शब्द तसेच होते.

तेव्हा पॉलिसी घेताना पहिला प्रश्न हप्त्याचा नको, जागेचा हवा. पोरं धावतात तो रस्ता, गोळा फेकतात ते मैदान, पोहायला नेता तो तलाव, हे सगळं त्यात लिहिलंय का? नसेल तर एजंटच्या "होऊन जाईल सर" वर थांबू नका, पॉलिसीला जोडपत्र लावून घ्या. मानधनावर शिकवणाऱ्यांनी आपलं नाव त्यात आहे का हे मालकाकडे मागून, डोळ्यांनी बघावं. मालकाला राग आला तरी चालेल.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. दायित्वाचा विमा आणि अपघाताचा विमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दायित्वाचा विमा तुमच्यासाठी असतो. तुमच्या हलगर्जीमुळं इजा झाली असं ठरलं, तर भरपाई आणि वकिलाचा खर्च त्यातून निघतो. चूक कुणाचीच नसेल तर मुलाच्या हातात काही पडत नाही. त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमाच लागतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण देते, पण ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. शिवाय वयाची अट १८ ते ७०. मैदानावर येणारी शाळकरी पोरं त्यात बसतच नाहीत. त्यांच्यासाठी गट अपघात विमा घ्यावा, उपचाराचा खर्च धरून. आणि धावताना छातीत कळ येऊन कुणी कोसळला तर अपघात विमा बहुधा हात वर करतो, कारण तो बाहेरून झालेला आघात नसतो. मुलाला अकादमीत घेतानाच डॉक्टरी तपासणी करा, हे मी पोटतिडकीनं सांगतो.

दायित्वातही दोन प्रकार लागतात. मैदानावर, साहित्यामुळं झालेल्या इजेसाठी पब्लिक लायबिलिटी; चुकीचा व्यायाम सांगितला, दुखणं माहीत असून जोर काढायला लावले, अशा आरोपासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी. मात्र १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी गळ्यात पडू देऊ नका. नाव सारखं वाटतं, पण ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी असते.

रकमेच्या आकड्यालाही भुलू नका. वर्षाची मर्यादा १० लाख आणि एका घटनेचं वर्षाच्या मर्यादेशी प्रमाण १:४ असेल, तर एका घटनेला अडीच लाखच मिळतात. मोडलेल्या गुडघ्याचा खटला ग्राहक आयोगात गेला तर ते पुरणार नाहीत. प्रोफेशनल इन्डेम्निटी बहुतेक वेळा दावा आला त्या वर्षाची पॉलिसी बघते. म्हणून एक वर्ष नूतनीकरण चुकलं की मागच्या वर्षांचंही छत्र जातं.

"काही झाल्यास अकादमी जबाबदार नाही" असं हमीपत्र पालकांकडून सही करून घेण्याची आपल्याकडं पद्धत आहे. तो कागद घ्या, कारण त्यानिमित्तानं पालकांना धोका समजावून सांगता येतो. पण त्यानं हलगर्जीची जबाबदारी टळत नाही, आणि अल्पवयीन मुलानं केलेला करार कायद्यात टिकत नाही. हलगर्जीनं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. ती शिक्षा कुठलीही विमा कंपनी भोगत नाही.

रस्त्यावरच्या अपघातात वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर केंद्राच्या योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवीच.

अपघात झालाच तर आधी मुलाला दवाखान्यात न्या. केसपेपरवर जागा आणि वेळ खरी लिहवून घ्या, मैदानाचे फोटो काढा, आणि कंपनीला त्याच दिवशी ईमेलनं कळवा, दावा येईपर्यंत वाट बघू नका. पालकांना भरपाईचा आकडा लिहून देण्याआधी कंपनीशी बोला, कारण परस्पर कबुली दिली तर कंपनी अंग काढून घेऊ शकते. त्यांच्यासोबत दवाखान्यात बसायला मात्र कुठल्याही पॉलिसीची मनाई नाही.