उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा

आपल्या कोकणात भाजावळ उन्हाळ्यातच उरकावी लागते. पाऊस पडल्यावर ओला पाला काही जळत नाही. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मुलांच्या शिक्षणाचे कागदही तसेच आहेत. ते उन्हाळ्यात तयार करावे लागतात. जूनमध्ये धावाधाव करून भागत नाही.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळा चालवली. हुशार मुले पाहिली. पुढे शिकू न शकलेली मुलेही पाहिली. त्यांतल्या कित्येकांची बुद्धी कमी नव्हती. कमी पडला तो एक कागद, आणि तोही वेळेवर मिळाला नाही म्हणून. म्हणून या धड्यात आपण तो कागद समजून घेऊ. त्याचे नाव उत्पन्नाचा दाखला.

हा दाखला कशाला लागतो?

फी माफ करायची किंवा शिष्यवृत्ती द्यायची, तर सरकार आधी विचारते, "तुमच्या घरात वर्षाला किती पैसा येतो?" ही रीत जुनीच आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते तेव्हा कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फीची सवलत मिळू लागली. लोक तिला ईबीसी म्हणत. आज राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेला आठ लाख रुपयांची मर्यादा आहे. अनुसूचित जातींच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ती अडीच लाख आहे.

मुलींच्या आईबापांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक निर्णय काढला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. अर्थात प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मुलीला इंजिनिअर किंवा डॉक्टर व्हायचे असेल, तर ही रक्कम लहान नाही. पण दाखला नसेल, तर ही सवलत कागदावरच राहते.

सरकारचे वर्ष कोणते?

आपले वर्ष पाडव्याला सुरू होते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. सरकारच्या पैशाचे वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. त्याला आर्थिक वर्ष म्हणतात.

दाखल्यावर वर्ष लिहिलेले असते आणि तो कधीपर्यंत चालेल तेही लिहिलेले असते. बहुधा ती तारीख ३१ मार्च असते. येथेच लोक फसतात. फेब्रुवारीत दाखला काढला, पेटीत जपून ठेवला आणि जूनमध्ये कॉलेजात नेला. कारकून म्हणतो, "हा तर मार्चमध्येच संपला!" मग पुन्हा तलाठी, पुन्हा तहसील, आणि तोवर अर्जाची तारीख निघून जाते.

म्हणून नियम साधा आहे. एप्रिल उजाडला की नवा दाखला काढायला घ्यावा. संपलेल्या वर्षाचे उत्पन्न तेव्हा पूर्ण कळलेले असते आणि दाखला पुढच्या मार्चपर्यंत चालतो.

पगारदारांनी काय करावे?

चिपळूण तालुक्यात असे घर विरळाच, की ज्यातले कोणी मुंबईला किंवा लोट्याच्या कारखान्यात नोकरीला नाही. पगारदाराच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून मालकाने दिलेला पगाराचा दाखला, फॉर्म १६ या नावाने ओळखला जाणारा कर कपातीचा कागद किंवा आयकराचे विवरणपत्र मागतात.

आता तारखांचा मेळ पाहा. पगारातून कापलेल्या कराचा शेवटच्या तिमाहीचा हिशेब मालक ३१ मेपर्यंत सरकारला देतो. कर कपातीचा कागद १५ जूनपर्यंत नोकराच्या हाती यायचा असतो. विवरणपत्र भरण्याची पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. सरकार कधी ती वाढवते. २०२५ साली ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. पण मुदत वाढली म्हणून आपण थांबायचे का? नाही. आयकर खाते थांबेल, कॉलेजचा प्रवेश थांबणार नाही.

उलट फार घाईही नको. मालकाचा हिशेब पोचण्याआधी विवरणपत्र भरले, तर कापलेला कर खात्याच्या नोंदीत दिसत नाही आणि आकडे जुळत नाहीत. म्हणून कर कपातीचा कागद हाती आला, आकडे ताडून पाहिले, की जूनमध्येच विवरणपत्र भरून टाकावे. ते भरल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. आधारच्या फोनवर आकडे येतात, ते घातले की काम झाले. पडताळणी राहिली, तर भरलेले विवरणपत्र न भरल्यासारखेच. पोच छापून ठेवावी. मुदत चुकली, तर पाच लाखांच्या आतील उत्पन्नाला एक हजार आणि वरच्याला पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क पडू शकते.

तोवर दाखला अडून राहू नये म्हणून एप्रिलमध्येच मालकाकडून वर्षभराच्या पगाराचा कागद मागून घ्यावा. मुंबईच्या माणसाला फोन करून सांगावे, "शिमग्याला येऊन गेलास, आता गणपतीला आणीन म्हणू नकोस. कागद आधी धाड."

विवरणपत्रावर दोन वर्षे छापलेली असत. २०२४-२५ चे उत्पन्न आणि कर निर्धारण वर्ष २०२५-२६. पुष्कळांचा येथे गोंधळ होई. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी "कर वर्ष" हा एकच शब्द ठेवला आहे. कागद देताना एवढेच पाहावे, की पैसा कोणत्या वर्षी मिळाला.

कर नाही म्हणजे उत्पन्न नाही, असे नव्हे

पुष्कळ जण म्हणतात, "आम्हांला कर लागत नाही, मग उत्पन्न शून्य लिहा." हे चूक आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण शेतीचे उत्पन्न दाखल्यात धरतात. सूट मिळाल्याने कर शून्य झाला, तरी पगार काही शून्य होत नाही.

धरून चाला, एका घरात असा हिशेब आहे:

बापाचा मुंबईचा पगार — ३,६०,००० रुपये
आईचे शिवणकाम — ६०,००० रुपये
भात आणि आंबा — ४०,००० रुपये
एकूण — ४,६०,००० रुपये

हे घर आठ लाखांच्या आत आहे. खरे लिहूनही सवलत मिळते. मग खोटे कशाला लिहायचे? अर्जासोबत आपण स्वयंघोषणापत्र देतो. खाली सही आपली असते. खोटे निघाले, तर जबाबदारीही आपली, आणि भोगावे लागते ते मुलाला.

दाखला कसा काढावा?

१. रेशन कार्ड, आधार कार्ड व पगाराचा कागद घ्यावा. जमीन असल्यास सातबारा व आठ-अ घ्यावा.
२. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यावा.
३. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करावा. फीची पावती मागून घ्यावी. दलालाला पैसे देऊ नयेत.
४. दाखला तहसीलदार देतात. त्याला पंधरा दिवसांची मुदत ठरलेली आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने वेळेत सेवा मिळणे हा आपला हक्क आहे. उशीर झाल्यास अपील करता येते.
५. दाखला हाती येताच नाव, वर्ष आणि रक्कम वाचून पाहावी. आधार कार्डावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव एकच हवे.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात. मुलाचे बँक खाते आधारला जोडलेले हवे. पहिल्या वर्षी अर्ज केला म्हणजे संपले, असे नाही. दर वर्षी तो नव्याने चालू करावा लागतो.

कागद जपा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. कपाटे बुडाली. कागदांचा लगदा झाला. तो पूर आला तेव्हा प्रवेशाचेच दिवस जवळ आले होते. म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावेत. फोटो काढून ते फोनमध्ये ठेवावेत, आणि एक प्रत मुंबईच्या नातलगाकडेही धाडावी.

आज तुम्ही वाचायला शिकला आहात. तर पहिल्याने आपल्या घरातला दाखला उघडून वाचा. त्यावरची शेवटची तारीख शोधा. ती निघून गेली असेल, तर उद्याच तलाठ्याकडे जा.

शब्दांचे अर्थ
आर्थिक वर्ष — १ एप्रिल ते ३१ मार्च.
विवरणपत्र — उत्पन्नाचा आणि कराचा सरकारला दिलेला हिशेब.
स्वयंघोषणापत्र — स्वतः सही करून दिलेली हमी.
पोच — कागद मिळाल्याची खूण.

उत्तरे द्या
१. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये का चालत नाही?
२. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत काय करावे लागते?
३. आपल्या घरातील सर्वांचे वर्षाचे उत्पन्न लिहा आणि बेरीज करा.