ठेक्यावर उडी मारणारी निवटी



मोबाइलवर खेळ तर सगळेच खेळतात. पण खेळ बनवतात कसा? ह्या अंकासाठी मी आणि माझ्या ताईने एक छोटा खेळ बनवला. त्याची ही माहिती.

ज्या खेळात एक प्राणी किंवा माणूस पळत जातो आणि दगड, फळ्या, खड्डे ह्यांवरून उड्या मारतो, त्याला प्लॅटफॉर्म खेळ म्हणतात. त्या उड्या गाण्याच्या ठेक्यावर मारायच्या असल्या तर तो तालाचा खेळ. स्वीडन देशातल्या रॉबर्ट टोपाला ह्यांनी असा एक खेळ एकट्याने बनवला. त्याचे नाव जॉमेट्री डॅश. तो २०१३ साली आला. त्यात एक चौकोन गाण्यावर उड्या मारतो.

आपल्या महाराष्ट्रातही खेळ बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या कंपनीने राजी नावाचा खेळ २०२० साली आणला. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या भावाला शोधते. तो तालाचा खेळ नाही, पण उड्या खूप आहेत. २०१७ साली त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली होती. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी खेळ पुरा केला. हे मला फार आवडले.

आम्ही स्क्रॅच वापरले. ते अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेने २००७ साली मुलांसाठी काढले. ते फुकट आहे. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात.

आधी मी कुर्ली काढली. आजोबा हसले. म्हणाले, "अरे, कुर्ली कधी उडी मारते काय? ती तिरकी पळते. भाट्याच्या खाडीत चिखलावर निवटी बघ, कशी टुणटुण उडते." म्हणून मग निवटी घेतली.

आता ताल. माझे आजोबा जाखडी नाचात ढोलकी वाजवायचे. दोन वर्षांपासून त्यांची बोटे आखडतात, म्हणून त्यांनी ढोलकी खुंटीला टांगून ठेवली आहे. मी म्हटले, "आजोबा, एकच थाप द्या." त्यांनी ढोलकी काढली, पुसली आणि एक थाप दिली. ती आम्ही मोबाइलमध्ये घेतली. तीच थाप खेळात मिनिटाला १२० वेळा वाजते, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक.

आता गणित बघा. स्क्रॅचमध्ये चित्र एका सेकंदात ३० वेळा हलते. अर्ध्या सेकंदात १५ वेळा. निवटी पहिल्यांदा १४ पावले वर जाते, मग १२, १०, ८, ६, ४, २. मग ०. मग तशीच २, ४, ६ करत १४ पर्यंत खाली येते. ७ आणि १ आणि ७ मिळून १५. म्हणजे एक उडी बरोबर एका ठोक्यात संपते.

दगड उजव्या कडेने येतो. निवटीपर्यंत ३६० पावले आहेत. दगड दर वेळी ६ पावले सरकतो. ३६० भागिले ६ म्हणजे ६० वेळा, म्हणजेच २ सेकंद. तेवढ्यात ४ ठोके होतात. म्हणून दगड ४ ठोके आधी सोडला.

पण खेळ चालेना! ठोक्यावर उडी मारली की निवटी दगडावर आपटे. दोन दिवस चूक सापडली नाही. मला रडू आले. आजोबांनी बघितले आणि म्हणाले, "नाचात पाय ठेक्यावर उचलायचा नि ठेक्यावर टेकायचा. मधी तो हवेत असतो. तुझा दगड ठेक्यावरच येतो, मग तो आपटणारच. त्याला मधी आण."

ताईने प्रत्येक दगड पाव सेकंद उशिरा सोडला. आता निवटी सगळ्यात उंच असते तेव्हा दगड खालून जातो. चूक ठोकळ्यांत नव्हती, आमच्या तालात होती.

मग आजोबा खेळले. बोट लवकर उचलेना, म्हणून तिसऱ्याच दगडावर निवटी आपटली. आम्ही त्यांच्यासाठी एकाआड एक ठोका गाळला, आणि दगडही तसेच. आता मिनिटाला ६० ठोके. आजोबांनी २० दगड पार केले! नंतर त्यांनी ढोलकी खुंटीला लावली नाही, उशाशीच ठेवली.

खेळ वर्गातल्या संगणकावर ठेवला आहे. पालकांनीही खेळून बघावा. आवाज चालू ठेवा. नुसते डोळ्यांनी बघून उडी मारलीत तर चुकाल, कानांनी ऐका.

जाता जाता एक प्रश्न : मिनिटाला ९० ठोके असतील, तर दगड किती ठोके आधी सोडावा लागेल? उत्तर पुढच्या अंकात.

– इयत्ता चौथी, मांडवी