दालचिनीचा शेंडा वाळतो तेव्हा

बाळा, परसातली दालचिनी शेंड्याकडून वाळायला लागली की औषधाच्या दुकानाकडे धावू नकोस. आधी बुंध्याशी बस. आपल्या कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. दालचिनीला ओलावा आवडतो, पण मुळाशी तुंबलेलं पाणी तिला सोसत नाही. उन्हाळ्यात शिंपण्यासाठी केलेलं आळं मिरगाच्या आधी फोडलं नाही, तर पावसाळाभर त्यात पाणी उभं राहतं, मुळं कुजतात आणि त्याची खबर वरच्या शेंड्याला लागते. म्हणून आळं मोडून बुंध्याला मातीची भर दे, उताराकडे चर काढ. पागोळीचं पाणी झाडावर पडत असेल तर तेही वळव. माझ्या आजोबांनी मला हे सगळ्यात आधी शिकवलं होतं आणि मीही सगळ्यात आधी हेच सांगतो.

मुळं धड असतील तर मग पान हातात घे. करपा असेल तर पानावर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ते एकमेकांत मिसळून मोठे डाग होतात, मधला भाग गळून पानाला भोकं पडतात. पुष्कळ लोक त्याला कीड समजून भलतंच औषध मारतात. भोकाची कड नीट बघ. अळीने खाल्लेल्या भोकाची कड हिरवी असते, करप्याच्या भोकाला तपकिरी किनार असते. हीच बुरशी पुढे कोवळ्या काडीत उतरते आणि फांदी शेंड्याकडून मरत खाली येते.

मेलेली फांदी उघडीप बघून कोरड्या दिवशी काढ. साल नखाने खरवड; हिरवी ओल दिसली तर तिथे जीव आहे. त्या जागेपासून आणखी वीतभर खाली, तिरका काप घे, म्हणजे जखमेवर पाणी राहत नाही. कापलेल्या तोंडावर तपकिरी कडं दिसलं तर अजून खाली ये. प्रत्येक कापानंतर कोयती स्पिरिटने पूस. काढलेलं सगळं जाळ. खतखड्ड्यात टाकलंस तर रोग परत बागेतच येतो. जखमेला बोर्डो पेस्ट लाव.

फवारणीला एक टक्का बोर्डो मिश्रण पुरतं. दहा लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजव, लोखंडाचं भांडं घेऊ नकोस. नंतर दोन्ही एकत्र ओत आणि गाळून घे. त्यात लोखंडी सुरी थोडा वेळ बुडव. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल. मिश्रण त्याच दिवशी संपव. एक फवारा पावसाच्या तोंडावर, दुसरा महिन्याभराने उघडीप मिळाली की. आपण तमालपत्र म्हणून हीच पानं पुलावात घालतो, तेव्हा घरापुरती पानं फवाऱ्याआधीच काढून सावलीत वाळवून ठेव.

पान पोटात जायचं असल्यामुळेच अळीसाठी दुकानदाराने पुढे केलेली जहाल बाटली मला मान्य नाही. पालवी फुटली की एक फुलपाखरू कोवळ्या पानांवर अंडी घालतं. अळी काळसर, अंगावर पिवळे पट्टे आणि लाल ठिपके; लहान रोपाच्या पानांची नुसती शीर शिल्लक ठेवते. घरच्या दोन-चार झाडांना हाताने वेचणं पुरतं. अळीला डिवचलं की ती डोक्यामागून शिंगं काढते आणि वास सोडते, पण चावत नाही. तिचा कोष मात्र फसवतो. तो हुबेहूब मोडक्या वाळक्या काडीसारखा दिसतो, म्हणून खोडावरचा प्रत्येक वाळका खुंट बोटाने चाचपून बघ.

पानांवर काजळी धरली आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर पानामागे खवले कीड असणार. दहा लिटर पाण्यात 50 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून, पानं उलटी करून मार. मोठ्या झाडाच्या पानावरच्या गाठी आणि नागमोडी रेषा सोडून दे, त्याने झाड मरत नाही.

आणि अर्धं झाड गेलं तरी उपटायची घाई करू नकोस. पाऊस सरला की जमिनीपासून वीतभर ठेवून तोड. दालचिनीला बुंध्यातून धुमारे फुटतात. त्यातले चार-पाच सरळ ठेव, बाकीचे काढ. मूळ उकरल्यावर काळं निघालं आणि साल हाताला सुटून आली, तर मात्र ते झाड काढून टाक आणि नवं रोप त्या खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लाव.