अर्ध्या दिवसात सेंट लुसिया: पैसे भरण्याआधी एवढं विचारा

क्रूझवरच्या सहलींची यादी हातात आली की नजर आधी नावांवर जाते. पिटॉनचे सुळके, ज्वालामुखी, धबधबा, केळीच्या बागा, कोळ्यांचं गाव, आणि हे सगळं चार तासांत! सेंट लुसिया बेटावर आम्ही अशीच आठ ठिकाणांची सहल घेतली. सोबत नाताळच्या सुट्टीत पुण्याहून न्यू जर्सीला आलेले सासू-सासरे होते. आठांपैकी गाडीतून उतरून पाहिली ती तीन ठिकाणं. सासूबाईंचा तर बराचसा वेळ डोळे मिटून, ओढणीचा बोळा नाकाशी धरून गेला. घरच्या वडीलधाऱ्यांना हौसेने घेऊन जाणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

बेट नकाशावर चिमुकलं दिसतं. उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम 43 किलोमीटर. आपण मनातल्या मनात हिशेब करतो, की पुणे-लोणावळ्याहूनही कमी, मग काय! पण जहाज लागतं कॅस्ट्रीजला, म्हणजे वायव्येला, आणि पाहायचं ते सगळं सुफ्रिएरच्या आसपास, नैऋत्येला. मधला रस्ता डोंगरातून जातो. कॅस्ट्रीजमधून निघताच मॉर्न फॉर्च्यूनचा चढ, मग उतार, मग रोझो खोऱ्यातली केळी, आन्स ला रे आणि कॅनरीज ही किनाऱ्यावरची गावं, आणि प्रत्येक दोन गावांमध्ये पुन्हा घाट. एका बाजूला सव्वा ते दीड तास सहज लागतो. धक्क्यावर सगळी मंडळी गोळा होईपर्यंत अर्धा तास जातोच. आता चार तासांतून हे वजा करा. हाती उरतो कसाबसा तासभर, आणि त्यातही आमच्या गाडीचा सर्वांत मोठा थांबा एका भेटवस्तूंच्या दुकानाशी होता.

चालकच मार्गदर्शक होता. त्याचा यात काही दोष नव्हता, आणि माणूस जाणता होता. केळीच्या घडांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या का चढवतात, ब्रिटनच्या बाजारात या केळ्यांना मिळणारं झुकतं माप गेल्यावर शेतकऱ्यांनी बागा कशा सोडल्या, हे तो कळकळीने सांगत होता. नीरफणसाची झाडं त्याने दाखवली तेव्हा सासरे एकदम सावरून बसले. त्यांच्या रत्नागिरीच्या आजोळी परसात ते झाड होतं. ब्लाय नावाच्या ब्रिटिश कप्तानाने 1793 मध्ये प्रशांत महासागरातल्या ताहितीहून ही रोपं कॅरिबियनमध्ये आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं म्हणून. सासऱ्यांना आणखी विचारायचं होतं, पण चालकाची नजर घड्याळावर होती. वेळापत्रक त्याच्या मालकाने आखलेलं.

सल्फर स्प्रिंग्जला वीस मिनिटं मिळाली. थेट गाडीने जाता येणारा ज्वालामुखी म्हणून याची जाहिरात होते. प्रत्यक्षात गाडी जवळपर्यंत जाते आणि कठड्यामागून करडा चिखल रटरटताना दिसतो. दृश्य खरोखर विलक्षण आहे. जमीन अशी उकळताना मी कुठेच पाहिली नव्हती. पण सडक्या अंड्यांसारखा वास असतो, आणि घाटातल्या वळणांनी ढवळून निघालेल्या माणसाला तो सोसत नाही. सासूबाई कठड्यापाशी दोन मिनिटंही थांबू शकल्या नाहीत. जाताना चांदीचे दागिने काढून ठेवा. तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने चांदी काळवंडते. खालच्या कुंडात चिखलस्नानाला उतरणार असाल तर जोडवी, पैंजण आठवणीने उतरवाच. डायमंडचा धबधबा आणि तिथली बाग आम्हाला दिसलीच नाही. ‘वेळ संपली’ एवढंच उत्तर मिळालं.

तेव्हा पैसे भरण्याआधी ठिकाणं किती, हे विचारू नका. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरून किती मिनिटं मिळणार, हे विचारा, आणि लेखी घ्या. यादीत ‘दृश्य’ असं लिहिलं असेल तर ते बहुधा खिडकीतूनच. दुकानाचा थांबा किती वेळाचा, तेही विचारा. स्पष्ट उत्तर न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

घड्याळाचंही एक आहे. सेंट लुसिया वर्षभर एकच वेळ पाळतं, आणि हिवाळ्यात ती फ्लोरिडाच्या वेळेपेक्षा तासभर पुढे असते. फ्लोरिडाहून सुटणारी काही जहाजं मात्र तिथलीच वेळ चालू ठेवतात. बेटावरच्या माणसाशी परस्पर नऊची सहल ठरवली असेल, तर जहाजाच्या घड्याळात तेव्हा आठच वाजलेले असतात. तुम्ही निवांत नाश्ता करता आणि गाडी निघून जाते. जहाजाची वेळ कोणती, हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा. शिवाय बाहेरून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

किंमत ‘डॉलर’मध्ये सांगितली की कोणता डॉलर, हे विचारा. इथला ईस्ट कॅरिबियन डॉलर वेगळा, 2.70 म्हणजे एक अमेरिकन. आणि मुलांना लष्करी ठिपक्यांच्या चड्ड्या, टोप्या घालू नका. या बेटावर सामान्य नागरिकांना ते कपडे कायद्याने मना आहेत, लहान मुलांनाही.

ज्यांना घाट सोसत नाही त्यांनी सुफ्रिएरचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅस्ट्रीजमध्येच अर्धा दिवस छान जातो. डेरेक वॉलकॉट चौकात भल्या मोठ्या पर्जन्यवृक्षाच्या सावलीत बसता येतं. साहित्याचं नोबेल मिळवणारा हा कवी इथलाच, आणि अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले आर्थर लुईसही इथलेच. एवढ्याशा बेटाने दोन नोबेल विजेते दिले, याचं मला फार अप्रूप वाटतं. समोरच्या कॅथेड्रलमध्ये डन्स्टन सेंट ओमर यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत; त्यातले संत आणि माणसं कृष्णवर्णीय आहेत. बाजारात दालचिनी, जायफळ, कोकोच्या कांड्या मिळतात. त्या कांड्या किसून मसाला घालून उकळलेला ‘कोको टी’ जरूर प्यावा.

आणि पिटॉन पाहायचेच असतील तर समुद्रातून पाहा. माझी नणंद पुढच्या हिवाळ्यात तिच्या मंडळींना घेऊन कॅस्ट्रीजहून बोटीने गेली. ग्रो पिटॉन 770 मीटरच्या आसपास, पेटी पिटॉन त्याहून थोडा कमी, आणि दोन्ही थेट पाण्यातून उठलेले. घाटरस्त्यावरून त्यांची ही उंची तशी जाणवत नाही. बोटीत जाताना डाव्या बाजूला बसा, किनारा तिकडे असतो, येताना उजवीकडे. बोट लागत असेल तर उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.