कुत्र्याचे अंग ऊनच असते

वावरात जागलीला कुत्रे नाही असे घर आपल्याकडे विरळाच. नागपुरात बंगल्याबंगल्यातून केसाळ परदेशी जातीही आल्या आहेत. दोन्हीकडून प्रश्न मात्र एकच येतो: "अंग तापलेलं लागतं, ताप तर नाही ना?"

बहुतेक वेळा नसतो. माणसाचे अंग साधारण ९८.६ अंश फॅरनहाइट, तर धडधाकट कुत्र्याचे १०१ ते १०२.५. आपण ज्या आकड्याला अंथरूण धरतो, ती त्याची रोजची प्रकृती. मग आपल्या हाताला त्याचे पोट ऊन लागणारच! नाक कोरडे म्हणजे ताप, ही समजूतही टाकून द्यावी. झोपून उठलेल्या कुत्र्याचे नाक पुष्कळदा कोरडेच असते.

खरे काय ते थर्मामीटर सांगतो. कुत्र्यासाठी तो वेगळा ठेवावा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात हलकेच सरकवावा. एकाने डोके धरावे. धावून आलेल्याचे माप घेऊ नये, थोडे बसू द्यावे. निवांत असूनही आकडा १०३ च्या वर गेला, खाणे सुटले, तर गोचिडांमुळे येणारा ताप असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये. या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधतात. उलट, गाभण कुत्रीचा आकडा ९९ च्या खाली उतरला तर घाबरू नका, बहुधा दिवसभरात पिल्ले होतील.

आता आपल्या उन्हाविषयी. मे २०१३ मध्ये नागपूरला पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता, म्हणजे ११८ फॅरनहाइट. अशा वेळी हवाच अंगापेक्षा तापलेली. वारा कसला गार करणार? कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याची सारी भिस्त धापा टाकून जिभेवरचा ओलावा सुकवण्यावर. नवतपा सरून पहिला पाऊस पडला की आपण सुटलो म्हणतो, पण दमट हवेत तो ओलावा सुकत नाही, कुत्र्याचा धोका टळत नाही. चपट्या नाकाच्या पग जातीला तर आणखी त्रास. टिनाच्या छपराखाली साखळीने बांधलेल्याला सावली असून नसल्यासारखीच.

धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, चाल अडखळती, अशी लक्षणे दिसली तर तो उष्माघात समजा. आकडा १०५-१०६ च्या पुढे जातो आणि तासाभरातही जीव जाऊ शकतो. लगेच सावलीत घ्या, अंगभर साधे गार पाणी ओतत राहा, पंखा लावा. ओले पोते पांघरून ठेवू नका, ते लवकरच तापते आणि आतली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी पिऊ द्या, तोंडात बळेच ओतू नका. १०३ वर आल्यावर पाणी ओतणे थांबवा.

दवाखान्यात मात्र न्यावेच, बरा दिसला तरी. आतल्या अवयवांची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसून येते. सेमिनरी हिल्सवर १९५८ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी कुत्रे भिजवा, गाडीच्या काचा उघड्या ठेवा.